सोयाबीनवरचा केवडा धुऱ्यावरून येतो

पेरणीला महिना होत आला असेल तर उद्या सकाळी उन्ह चढायच्या आत सोयाबीनमध्ये उतरा. झाड हलकेच हलवा. तिळाहून बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडतात नि परत पानाखाली जाऊन बसतात. पिवळ्या मोझॅकचा, म्हणजे आपल्या केवड्याचा विषाणू याच माश्या पसरवतात. रोगट झाडाचा रस एकदा शोषला की ती माशी पुढे बरेच दिवस रोग वाटत फिरते.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. माशीचं घर वेगळं, विषाणूचं वेगळं. माशी पऱ्हाटी, वांगी, टमाटे, कशावरही पोट भरते. विषाणूला झाडाच्या पेशीत शिरून त्या झाडाच्याच सामानावर आपल्या नकला काढाव्या लागतात, आणि केवड्याच्या विषाणूला ते शेंगवर्गीय झाडांतच जमतं. म्हणून शेजारच्या सोयाबीनचा केवडा पऱ्हाटीला लागत नाही. उलट पऱ्हाटीवर वाढलेली माशी मात्र सोयाबीनवर येते.

मूग-उडीद आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सोयाबीन त्यामानानं कालचं पीक. तरी विषाणूनं ते धरलं. नकला काढताना त्याच्या चुका होतात, एकाच झाडात दोन विषाणू भेटले तर तुकड्यांची अदलाबदलही होते. बहुतेक चुका त्यालाच भोवतात, पण एखादी नव्या झाडात चालून जाते. मग शिवारभर एकच वाण उभं असलं की अडवणारं कोणी नाही. सोयाबीनचं जेएस 335 हे वाण केवड्याला सहज बळी पडतं, हे पुढच्या बियाण्याच्या वेळी ध्यानात ठेवा. (पपईच्या रिंगस्पॉट विषाणूचंही असंच: त्याचा एक प्रकार फक्त काकडी-भोपळ्यावर जगतो, दुसऱ्याला पपईही चालते. म्हणून पपईजवळ वेलवर्गीय पिकं नकोत.)

पिवळं दिसलं की लगेच केवडा म्हणू नका. लोह कमी पडलं किंवा पाणी साचलं तर कोवळी पानं सारखी पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात, नि पट्टाच्या पट्टा तसा दिसतो. केवड्यात हिरव्या पानावर गडद पिवळे वेडेवाकडे डाग पडतात, सुरुवातीला एखाद-दुसऱ्या झाडावर, बहुधा धुऱ्याकडून.

असं झाड दिसताच त्यावर पोतं टाका, मग उपटा. नुसतं उपटलं तर माश्या उडून शेजारी बसतात. झाड धुऱ्यावर फेकू नका, खड्ड्यात गाडा. लागण झालेलं झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही, फवारणी माशीसाठी असते. एकरी 10-12 पिवळे चिकट सापळे लावा, 5 टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच घ्या. माशी वाढलीच तर बीटा सायफ्लुथ्रिन 8.49 + इमिडाक्लोप्रिड 19.81 टक्के ओडी (तेलातलं तयार मिश्र कीटकनाशक) हेक्टरी 350 मिली, म्हणजे एकरी 140 मिली. त्यात दुसरं काही मिसळू नका. मधमाश्या फिरतात त्या वेळी फवारू नका. युरियाचा जादा डोसही नको, लुसलुशीत पानावर माशी जास्त येते.

फवारताना तोंड-नाक बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट चालू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली, ते विसरता येत नाही.

धुऱ्यावर आपोआप उगवलेले मूग, उडीद, चवळी आत्ताच काढा. आणि उन्हाळी मूग घ्यायचा असेल तर खरिपाच्या पेरणीआधी त्याचा एकही रोपटा रानात उभा ठेवू नका, नाहीतर विषाणू त्यावरून सरळ नव्या सोयाबीनवर उतरतो.