ग्रंथालयाची बातमी छापून यावी म्हणून

‘आमच्याकडे इतकी हजार पुस्तके आहेत’ असे स्थानिक वृत्तपत्राला कळवून फारसे काही होत नाही. ती माहिती झाली, बातमी नव्हे. बातमी माणसात असते. नजर अधू झाल्यावर मोठ्या टायपातली पुस्तके नेऊ लागलेल्या आजी, अभ्यासिकेत बसून परीक्षा पास झालेली मुलगी... अशा एखाद्या वाचकाची परवानगी घ्या आणि सुरुवात तिथूनच करा.

कोण, काय, कधी, कुठे हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. जागा कमी पडली की उपसंपादक सहसा शेवटाकडून कात्री लावतो. कार्यक्रमाची वेळ तळाशी लिहिली असेल तर नेमकी तीच उडते. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरे नीट दिसतात ती पद्धत), थेट ईमेलमध्येच द्या, म्हणजे पुन्हा टाइप करावा लागत नाही. सोबत हमखास फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर.

फोटोसाठी पाहुण्यांना रांगेत उभे करू नका, खरंच! पुस्तकात डोके घातलेले मूल कितीतरी बोलके दिसते. मात्र पालकांना आधी विचारा, आणि फोटोओळीतली नावे शुद्धलेखनासह दोनदा तपासा. वार्ताहराला आठवडाभर आधी कळवा. आदल्या रात्री नको.