टीडीएस कमी आला म्हणजे ओढा स्वच्छ? या चुका टाळा

पुण्यातली रामनदी असो, मुळा असो नाहीतर सोसायटीमागचा नाला, पाणी तपासणाऱ्यांच्या ग्रुपवर टीडीएस मीटरचा फोटो पडतोच, "बघा, लिटरला फक्त २८० मिलिग्रॅम, चांगलंय की पाणी!" अहो, तो मीटर पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो, मैला नाही. बऱ्याच बोअरचं पाणी ५०० च्या वर जातं आणि ते लोक पितातही, उलट पावसाळ्यात पातळ झालेलं गटाराचं पाणी आरामात २०० दाखवेल. मीटर फेकून देऊ नका, त्याच जागी नेहमी येणारा आकडा एकदम उडाला तर वर कुणीतरी काहीतरी सोडलंय एवढं मात्र त्यातून कळतं.

खरी मेख पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये, म्हणजे डीओमध्ये आहे. नदीत अंघोळ करण्याजोग्या पाण्यासाठी सीपीसीबीचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. पण लोक जातात कधी, तर रविवारी नाश्ता उरकून ११-१२ वाजता, तेव्हा शेवाळाने उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडलेला असतो, आकडा १० च्या पुढे, सगळे खूश. पुण्याच्या उंचीवर २५ अंशाच्या पाण्यात साधारण पावणेआठच मावतो, मग १० कुठून आला? ते सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ आहे! तिथेच पहाटे सूर्य उगवायच्या आत मोजा, २ पर्यंत उतरलेला दिसू शकतो आणि मासे मरतात ते तेव्हा. त्यामुळे वेळ ठरवून घ्या, दर वेळी तीच, आणि अधूनमधून एक फेरी पहाटेची.

डीओचं किट वापरत असाल तर बाटली घरी नेऊन टेस्ट करू नका, पहिली दोन रसायनं काठावरच टाकायची. बूच लावताना आत बुडबुडा राहिला की रीडिंग गेलं. रसायनं टाकल्यावर साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास काहीच नाही, हे तर टायट्रेशनच्या, म्हणजे थेंब मोजून आकडा काढायच्या आधीच डोळ्यांना दिसतं.

नमुना घेताना पाण्यात उतरून गाळ ढवळायचा आणि मग तिथलंच पाणी भरायचं, हे फार चालतं. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, बाटली तुमच्या वरच्या बाजूला बुडवा, वरचा फेस टाळा. एरवी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पण जंतूंच्या टेस्टची निर्जंतुक बाटली अजिबात विसळू नका, ती थेट भरायची आणि बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत लॅबला द्यायची. नाला मिळतो तिथे अगदी तोंडाशी भरलेलं पाणी ना नदीचं ना नाल्याचं, म्हणून एक नमुना संगमाच्या वर आणि एक बराच खाली, पाणी नीट मिसळल्यावर.

पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, रोज वेगळाच येतोय? बहुतेक प्रोब कोरडा पडलाय किंवा ७ आणि ९.२ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावून, मीटर जुळवून महिने झालेत. आधी ते करा, मग कारखान्याला शिव्या द्या.

हो, गमबूट आणि ग्लोव्हज घालाच, पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो.

आणि वहीत नुसता आकडा नको. वेळ, पाण्याचं तापमान, गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, वास कसला, दगड उलटल्यावर खाली कोणते किडे दिसले, हे सगळं तिथेच उभ्याने लिहा. दगडाखाली नुसत्या लाल अळ्या, ज्या कमी ऑक्सिजनच्या घाण पाण्यातही तगतात, वळवळत असतील आणि मीटर "मस्त" म्हणत असेल तर रीडिंग परत घ्या.