ऊती आणि बल शिकताना या चुका टाळा

नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना प्राणी ऊती (ठरावीक काम करणाऱ्या सारख्या पेशींचे समूह) आणि गतीचे नियम या दोन प्रकरणांत दरवर्षी त्याच त्या चुका समोर येतात. त्यांचे मूळही बहुतेक वेळा एकच असते. ऊतींचे तक्ते एका वहीत पाठ होतात, बलाच्या व्याख्या दुसऱ्या वहीत पाठ होतात, आणि आपल्या शरीरातील ऊतींवर सतत कोणते ना कोणते बल काम करत असते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या ऊतीचे कार्य लिहिण्यापूर्वी ती ओढली जाते, दाबली जाते, घासली जाते, की यांपैकी काहीच होत नाही, एवढे स्वतःला विचारावे. निम्मे उत्तर तिथेच मिळते.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे स्नायू हाडाला ढकलतो असे मानणे. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असताना पुठ्ठ्याचा एक सुबक हात पाहिला. पाणी भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडलेल्या होत्या आणि एक दाबली की दुसरीचा दट्ट्या कोपरापुढचा भाग वर ढकलत असे. मुलांनी त्या दट्ट्यावर ‘द्विशिर स्नायू’ अशी चिठ्ठी लावली होती. हात खाली कोण आणतो, असे विचारल्यावर ‘तोच स्नायू उलटा चालतो’ असे उत्तर आले, आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी मान डोलावली. प्रतिकृतीवर बरीच मेहनत घेतलेली होती, ती चालतही उत्तम होती, पण तिने शिकवलेली गोष्ट साफ चुकीची होती. स्नायुतंतू केवळ आकुंचन पावतो आणि नंतर शिथिल होतो. हाडाला तो फक्त ओढू शकतो. म्हणूनच कोपर वाकवायला पुढचा द्विशिर आणि सरळ करायला मागचा त्रिशिर अशी जोडी लागते. हृदयातील स्नायूही आकुंचनच पावतो. तो पोकळीभोवती वेढलेला असल्यामुळे आतील रक्त दाबले जाऊन पुढे जाते.

हे पटवण्यासाठी मी कोंबडीचा पाय वर्गात नेतो. खाटीक तो सहज देतो. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या, चकचकीत, चिवट दोऱ्या दिसतात, त्या म्हणजे स्नायुरज्जू. चिमट्याने मागची दोरी ओढली की बोटे आवळतात, पुढची ओढली की ती पसरतात. आत ढकलून पाहिले तर दोरी नुसती वाकते, बोट जागचे हलत नाही. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी टेबलाखालून तळहाताने टेबल उचलण्याचा प्रयत्न करावा आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या आतील बाजूस ठेवावीत. ताठ झालेला रज्जू हाताला स्पष्ट लागतो. हे एकदा अनुभवले की स्नायुरज्जू आणि अस्थिबंध यांची अदलाबदलही थांबते. रज्जू स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवतो, तर अस्थिबंध हाडाला हाडाशी बांधून सांधा जागेवर ठेवतो.

या ओढीचे मानही मुलांना ठाऊक असावे. तळहातावर 2 किलोग्रॅमची वस्तू धरली तर तिचे वजन सुमारे 20 न्यूटन भरते. स्नायू कोपरापासून साधारण 4 सेंटिमीटरवर जोडलेला आणि वस्तू 32 सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर द्विशिराला तिच्यासाठीच सुमारे 160 न्यूटन बलाने ओढावे लागते. कोपरापुढच्या हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेही नाही.

दुसरी चूक भौतिकशास्त्राची आहे आणि ती चांगल्या गुणांच्या मुलांकडूनही होते. टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाने पुस्तकाला वर दिलेले बल ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील क्रिया-प्रतिक्रिया जोडी आहे, असे ती लिहितात. बले समान आणि विरुद्ध दिसली की जोडी ठरवून टाकायची, हा आडमार्ग काही गाईडांनीच शिकवलेला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून राग येतो. ही दोन्ही बले एकाच वस्तूवर, म्हणजे पुस्तकावर आहेत, म्हणून ती संतुलित बले आहेत. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तेव्हा पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढते. ही खरी जोडी. खात्री करायची असेल तर टेबल काढून घ्यावे: टेबलाचे बल संपते, वजन तसेच राहते, आणि जोडीतील एक बल दुसऱ्याला मागे ठेवून कधीच नाहीसे होत नाही. माझी सवय अशी की प्रत्येक बलासाठी ‘कोणी कोणावर लावले’ हे पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय बाण काढू द्यायचा नाही. मुले कंटाळतात, पण घाईने काढलेल्या बाणांपेक्षा हे वाक्य कितीतरी अधिक शिकवते.

घर्षण नेहमी चालण्याच्या विरुद्ध दिशेने असते, हेही असेच घोकलेले वाक्य आहे. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते, म्हणून पावलावरील घर्षण पुढच्या दिशेने असते आणि तेच आपल्याला पुढे नेते. सांध्यांत मात्र घर्षण नको असते, त्यामुळे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कास्थी, म्हणजे कूर्चा, असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने तिची इजा फार सावकाश भरते.

अभिस्तर ऊतीचे, म्हणजे शरीराचे आतले-बाहेरचे पृष्ठभाग झाकणाऱ्या ऊतीचे, कार्य ‘संरक्षण’ एवढेच लिहून पुढे जाऊ नये. त्वचेला घासले जावे लागते, म्हणून तिथे पेशींचे अनेक थर आहेत. फुप्फुसातील वायुकोशांतून वायूंची देवाणघेवाण व्हायची असते, म्हणून तिथे चपट्या पेशींचा एकच पातळ थर आहे.

रक्त ही संयोजी, म्हणजे शरीराचे भाग एकमेकांशी जोडणारी, ऊती आहे. ती द्रवरूप आहे म्हणून तिला वेगळे काढू नये.

हृद् स्नायूवर पट्टे असतात, तरीही तो अनैच्छिक असतो. ‘पट्टे म्हणजे ऐच्छिक’ असे सूत्र पाठ करणाऱ्यांचा गुण इथे हमखास जातो.

वजन न्यूटनमध्ये लिहावे, वस्तुमान किलोग्रॅममध्ये. 50 किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाचे पृथ्वीवरील वजन सुमारे 490 न्यूटन असते. एकक न लिहिता सोडलेल्या उत्तराला मी पूर्ण गुण देत नाही.