नागपूरहून शांघायला मित्रांसोबत: आधी फोन तयार करा

शांघायमध्ये नोटांपेक्षा फोन कामाला येतो. नागपुरातच प्रत्येकाने अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपवर पासपोर्टने ओळख पडताळून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडावं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू नसतील तर पैसे जात नाहीत. ओटीपीसाठी रोमिंगही हवंच. शिवाय हॉटेलच्या वायफायवर न चालणारं व्हॉट्सअ‍ॅप रोमिंगवर चालतं. 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला 3 टक्के शुल्क लागतं, म्हणून जेवणाचं बिल वाटून भरा.

मेट्रोत ज्या क्यूआरने आत शिरलात त्यानेच बाहेर पडायचं असतं, त्यामुळे एका फोनवर चौघं जाऊ शकत नाहीत. बंड हा नदीकाठचा रस्ता संध्याकाळीच बघा, पलीकडच्या पुडोंगचे दिवे डोळे भरून पाहण्यासारखे असतात. 2 किंवा 10 क्रमांकाच्या लाइनने ईस्ट नानजिंग रोडला उतरा. स्टेशनात चुकामूक होतेच, भेटायचा एक्झिट क्रमांक आधीच ठरवा.