‘थेट येवल्याहून’ आणि पार्सल सुरतेचं: ऑनलाइन खरेदीत या चुका टाळा

नाशिकच्या लहान दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरणं हा माझा धंदा. त्यामुळे नात्यातलं किंवा सोसायटीतलं कुणी ऑनलाइन फसलं की बिलाचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. गंमत अशी की बिल बहुतेक वेळा खरं बोलत असतं, फक्त ते कुणी वाचलेलं नसतं. खोटं बोलते ती जाहिरात. ‘फ्रॉम पुणे’, ‘थेट विणकराच्या घरून’, ‘आमच्या देवगडच्या बागेतून’. माल भलतीकडूनच निघतो.

गाव एकच समजणं

वस्तू बनली कुठे, विकणारा कुठला आणि पार्सल निघालं कुठून, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. मोठ्या साइटवरचं पार्सल भिवंडीच्या गोदामातून आलं म्हणून विक्रेता महाराष्ट्रातला ठरत नाही. तो दिल्लीचा असेल, वस्तू चीनची असेल, आणि त्यात कुणी काही लपवलेलंही नसेल. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांमुळे ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ सांगावं लागतं, पण त्यावरून वस्तू कुठल्या देशाची तेवढंच कळतं. सिल्क मार्कचं लेबल रेशीम खरं आहे एवढंच सांगतं, ते कुठल्या गावात विणलं हे नाही. फसवणारे याच सरमिसळीवर जगतात. ‘येवला पैठणी’ एवढं मोठ्या अक्षरात लिहायचं, बाकीचं गिऱ्हाईक स्वतःच समजून घेतं.

बिल आणि पिशवी कचऱ्यात टाकणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी पैठणी मागवली. पेजवर हातमागावर बसलेल्या आजोबांचा फोटो, खाली ‘येवल्याहून थेट तुमच्या घरी’. साडेअकरा हजार, आगाऊ, यूपीआयने. पार्सल आलं तशी सगळ्यांनी साडीवर झडप घातली. प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्याच्या बादलीत, बिल खोक्याच्या तळाशी तसंच. संध्याकाळी काकूंच्या जाऊबाईंनी पदर उलटा केला. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच स्वच्छ दिसतो. इथे मोराच्या पाठीमागे सुट्या धाग्यांचं जाळं होतं.

मला बोलावलं. मी साडी बघितलीच नाही, बिल मागितलं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २४. म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचे २७. खाली कर लावलेला ५ टक्के आयजीएसटी. राज्यातल्या राज्यात विक्री असती तर अडीच-अडीच टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी दिसला असता. मग विचारलं, पिशवी कुठे आहे? काका जिन्यावरून धावत खाली गेले, घंटागाडी यायच्या आत बादली उपसली. भाजीच्या देठांनी माखलेल्या पिशवीवर कुरिअरचं लेबल शाबूत होतं, आणि पार्सल न पोचल्यास परत पाठवायचा पत्ता सुरतेच्या एका कापड मार्केटमधला.

काकूंनी विक्रेत्याला फोन लावला. म्हणे, साडी येवल्यातच विणली, ऑफिस तेवढं सुरतला. बरं, विणकराचं नाव सांगा. ‘ताई, ते डिपार्टमेंट वेगळं आहे.’ आजोबांचं डिपार्टमेंट! जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि त्या लेबलचा फोटो एकत्र पाठवला आणि १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तेव्हा कुठे परतीचं कुरिअर वजा करून पैसे आले. पिशवी घंटागाडीत गेली असती तर एकही रुपया आला नसता असं माझं मत.

सुरतेच्या साडीला माझा काहीच विरोध नाही. दोन हजारांची म्हणून दोन हजारांना विका, माझी बायकोही घेईल. आणि नाशिककराला येवला काही परदेश नाही. सकाळच्या एसटीने गेलं की साडी हातात घेऊन, पदर उलटून बघून संध्याकाळी घरी येता येतं. पण ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ ज्यांना साडेअकरा हजार मोजायला वेळ असतो त्यांना नेमका एवढाच नसतो.

माझी सवय सांगतो. पार्सल फोडण्याआधी लेबलचा फोटो, चारही बाजूंनी. मग उघडतानाचा व्हिडिओ, आणि त्यात सुरुवातीला लेबल दिसलंच पाहिजे. आमच्याकडची पोरं व्हिडिओ काढतात तो वस्तूचा, पिशवीचा कुणी काढत नाही. बिल आलं की जीएसटी क्रमांक पोर्टलवरच्या ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकतो. लॉगिन लागत नाही, फुकट आहे, धंद्याचं कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख समोर येते. ‘तीन पिढ्यांची परंपरा’ मागच्या वर्षी नोंदलेली निघते कधीकधी.

एक सावधगिरी. २७ दिसलं की निश्चिंत होऊ नका. परराज्यातला विक्रेताही इथल्या गोदामासाठी महाराष्ट्रात नोंदणी घेतो, तेव्हा क्रमांक २७ नेच सुरू होतो. पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, ती मात्र त्याच्या सगळ्या राज्यांत तीच राहतात.

आणि मोठ्या साइटवर जीएसटी क्रमांकच नसलेल्या लहान विक्रेत्याचा माल परराज्यातून आला, तर तिथेच थांबा. नोंदणी नसलेल्यांना ऑक्टोबर २०२३ पासून साइटवर विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात.

बाकीच्या, थोडक्यात

ट्रॅकिंग न बघणं. टपालाने येणाऱ्या आंतरराष्ट्रीय पार्सलच्या क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं देश सांगतात. सीएन म्हणजे चीन, मग पेजवर मुंबई लिहिलेलं असो. कुरिअर असेल तर पहिला स्कॅन कुठल्या गावात झाला ते बघा, शेवटचा सगळेच बघतात.

पैसे कुणाच्या नावावर जातात ते न वाचणं. यूपीआयचा पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर येतं. ‘अमुक मावशींची पैठणी’ म्हणून जाहिरात आणि पैसे भलत्याच ट्रेडर्सच्या खात्यात, तर पिन टाकू नका. पैसे घेऊन पार्सलच आलं नाही, तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

मार्चमध्ये स्वस्त ‘देवगड’ मिळाला म्हणून नाचणं. हापूसचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे. कर्नाटकातला आंबाही गोड असतो, पण त्याने देवगडचं नाव लावायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या भाच्याने ‘न्यू जर्सीहून’ म्हणून घेतलेली वस्तू चीनहून निघाली की आता आणखी एक दुखणं असतं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी तिकडे २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. शुल्काचा भुर्दंड त्यालाच बसू शकतो.

‘विक्रेता परराज्यातला, तक्रार कुठे करणार?’ म्हणून गप्प बसणं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, सुरतेला जावं लागत नाही. साइटवरून घेतलं असेल तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता साइटकडे लेखी मागा, तो द्यावा लागतो. फक्त जाहिरातीचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा. तुम्ही भांडायला लागलात की सगळ्यात आधी ‘थेट येवल्याहून’ ही ओळ पेजवरून गायब होते.