तंबूतल्या सिनेमाचा अभ्यास: एकापेक्षा जास्त विषयांत पाय ठेवणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

नुकतीच पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) दिलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, "विषय सिनेमाचा आहे, पण त्यात इतिहास येतो, भूगोल येतो, थोडं मानसशास्त्रही येतं. मग नोंदणी कुठल्या विभागात करू?" ज्या प्रकारच्या पुराव्यावर तुमचा प्रबंध मुख्यतः उभा राहणार, त्या विभागात, असं मी सांगतो. माझा विषय सातारा-सोलापूर पट्ट्यातल्या जत्रांमधला तंबू सिनेमा, म्हणजे गावोगाव तंबू ठोकून दाखवला जाणारा फिरता सिनेमा. आधार बहुतेक सरकारी कागदपत्रांचा, म्हणून नोंदणी इतिहासात. संशोधन समितीपुढे आणि शेवटी परीक्षकांपुढे तुम्हाला एका विषयाच्या शिस्तीतच उत्तरं द्यायची असतात. बाकीचे विषय मदतीला येतात, आणि त्यांना त्यांच्याच नियमांनी वागवावं लागतं.

आधी प्रश्न लिहून काढा, एका वाक्यात. 'सिनेमा आणि ग्रामीण समाज' हा प्रश्न नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. माझा प्रश्न असा होता: ज्या गावांत थिएटर नव्हतं, तिथल्या माणसांनी १९५० ते १९८० या काळात सिनेमा कधी, कुठे आणि कोणाबरोबर पाहिला? यातल्या 'कधी'साठी मला इतिहास लागला, 'कुठे'साठी भूगोल आणि 'कोणाबरोबर'साठी माणसांच्या आठवणी. प्रश्नाला गरज नसेल तर दुसऱ्या विषयाचा सिद्धांत प्रबंधात आणू नका. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात चार परदेशी नावं घातली म्हणून काम आंतरविद्याशाखीय होत नाही.

कागदपत्रांपासून सुरुवात करा. फिरत्या सिनेमालाही परवाना लागायचा. १९५३च्या मुंबई सिनेमा कायद्याखाली तो जिल्हा प्रशासन द्यायचं. तिकिटावर करमणूक कर होता, त्याचा कायदा १९२३चा. म्हणजे एकाच तंबूची नोंद परवान्याच्या आणि कराच्या अशा दोन वेगळ्या दप्तरांत सापडू शकते. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन 'सिनेमाची कागदपत्रं आहेत का' असं विचारलं तर बहुधा नकार मिळतो. शाखा, वर्ष आणि तालुका सांगून मागितलं तर दप्तर निघतं. गाईडच्या सहीचं पत्र सोबत ठेवा, आणि रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी नीट बोला, कारण कुठला गठ्ठा कुठे आहे हे त्यांना सूचीपेक्षा जास्त ठाऊक असतं. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चं. तिथली पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका मोलाच्या आहेत. प्रेक्षकांच्या हातात काय पडत होतं ते त्यांतून कळतं. १९५०च्या आधीच्या काळासाठी टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालच्या १९२७-२८च्या सिनेमॅटोग्राफ समितीचा अहवाल आणि साक्षींचे खंड वाचाच. वाचताना भान मात्र हवं. साक्षी देणारे बहुतेक शिकलेले, शहरी आणि व्यवसायातले लोक होते. खेड्यातल्या प्रेक्षकाबद्दल ते बोलतात, तो स्वतः तिथे क्वचितच बोलतो.

भूगोलाने माझं काम खऱ्या अर्थाने पुढे नेलं. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या यात्रा-जत्रांवर स्वतंत्र खंड निघाला आहे. कुठल्या गावात कुठल्या दैवताची जत्रा कधी भरते, याचे तक्ते त्यात आहेत. ही गावं क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत नकाशावर टाका आणि मराठी महिन्यानुसार रंग द्या. म्हसवडचा रथ मार्गशीर्षात, पालीचा खंडोबा पौषात, शिखर शिंगणापूर चैत्रात. सुगी उरकल्यापासून पाऊस येईपर्यंत तंबूला गावोगाव फिरायला जत्रांची अशी साखळी मिळते. मात्र तिथीची इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते आणि अधिक मास आला की जत्रा बरीच पुढे सरकते. परवान्यावरची तारीख जत्रेशी जुळवायची तर जुनी पंचांगं काढून बसावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातूनच दोन पुरावे एकमेकांना भिडतात.

आता आठवणींबद्दल थोडं सविस्तर, कारण नवे संशोधक इथे सर्वात जास्त घाई करतात. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिलं होतं की माणूस गोष्ट आठवताना ती नव्याने रचतो, आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' असं म्हटलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. त्या नुसत्या 'टेकल्या' म्हटलं तेव्हा सुमारे ३२. मुलाखतीला निघण्यापूर्वी हा प्रयोग वाचावाच. "तंबूत बायका वेगळ्या बसायच्या ना?" असं विचारलंत की "हो, वेगळ्याच बसायच्या" हेच ऐकायला मिळणार. "तुम्ही कुठे बसला होतात? शेजारी कोण होतं?" असं विचारा आणि गप्प राहा. पुढचं त्यांना सांगू द्या.

साल तर कधीच थेट विचारू नका. सत्तरीतल्या आजींना १९६६ की १९६८ हे सांगता येणार नाही आणि सांगितलं तरी त्यावर विसंबता येणार नाही. त्याऐवजी विचारा: कोयनेचा भूकंप झाला होता का? म्हणजे ११ डिसेंबर १९६७च्या आधीचं की नंतरचं ते कळतं. लग्न झालं होतं का, थोरला पोटात होता का, दुष्काळात वाटलेली मिलो आणि सुकडी खायचे दिवस होते का? माण-खटाव भागात १९७२चा दुष्काळ ही इतकी पक्की खूण आहे की तिच्याभोवती बाकीच्या गोष्टी लावता येतात. अशा खुणांची एक पट्टी मुलाखतीआधीच कागदावर आखून घ्या. मग तीच आठवण परवान्याच्या तारखेशी ताडून बघा. दोन्ही जुळलं नाही तर आठवण खोटी ठरवून टाकून देऊ नका. माणसाने दोन जत्रा एकत्र का केल्या, कुठला सिनेमा दुसऱ्या गावात नेऊन बसवला, हे स्वतंत्र निरीक्षण आहे आणि प्रबंधात त्याला जागा हवी.

शिक्षणशास्त्राचा धागा माझ्या कामात छोटाच आहे. १९४८मध्ये माहितीपट काढणारं सरकारी फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि मुख्य चित्रपटाबरोबर मान्यताप्राप्त माहितीपट दाखवणं परवानाधारकांवर बंधनकारक होतं. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकाला त्यातून काय पोहोचलं, हा प्रश्न कोणीतरी स्वतंत्रपणे घ्यायला हवा. शाळांचे हजेरीपट त्यासाठी पाहता येतील. मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, मुलांची जात, जन्मतारीख असं सगळं असतं. लेखी परवानगीशिवाय त्याचे फोटो काढू नका.

छापण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मानसशास्त्रापासून भूगोलापर्यंत सगळं एकाच अंकात, आठ दिवसांत, पैसे भरून आणि प्रमाणपत्रासकट छापून देणारी नियतकालिकं तुम्हाला रोज मेसेज पाठवतील. तिकडे जाऊ नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी शोधनिबंध छापणं आता सक्तीचं राहिलेलं नाही; आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा तपासा. केअर यादी, म्हणजे यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादीही २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी तुमच्यावरच आहे. त्यातले मागचे निबंध वाचा, संपादक मंडळातली माणसं त्या विषयात खरोखर काम करतात का ते बघा. मराठीत लिहायचं असेल तर 'समाज प्रबोधन पत्रिका' किंवा वाईचं 'नवभारत' यांचे जुने अंक आधी चाळा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आणि त्या पैशातला थोडा भाग चांगल्या रेकॉर्डरवर खर्च करा. मुलाखतीचं शब्दांकन त्याच आठवड्यात, बोलणाऱ्याच्या बोलीत करा आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्या घरी नेऊन द्या.