अंधार सोबत घेऊन जा: गाडीत बसून ओगलबेची रोषणाई कशी पाहावी

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत गाडीत बसूनच पाहायची रोषणाई जागोजागी असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे हरीण, बाहुले, तारे मांडलेले असतात आणि आपण गाडीतून न उतरता रांगेने पुढे सरकत राहायचं. पिट्सबर्गकडच्या आम्हा मंडळींना जवळची आणि मोठी म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावची ओगलबे उद्यानातली. १९८५ साली ती सुरू झाली. रस्ता सहा मैलांचा, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर, आणि पसारा ३०० एकरांचा. अर्ल ओगलबे नावाच्या उद्योगपतीने आपली ही शेतीवाडी मृत्युपत्राने व्हीलिंगच्या लोकांना दिली, त्याचंच हे उद्यान.

पहिल्या वर्षी आम्ही काहीही न ठरवता गेलो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरचा शनिवार होता. रांगेत दोन तास काढले आणि फाटक नजरेच्या टप्प्यात आल्यावर धाकटीला 'एक नंबर'ला लागली. गाडी वळवून परत! तेव्हापासून जे शिकत गेलो ते लिहिते आहे. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर हे जास्तच लागू.

आधी वार ठरवा

रोषणाई नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते, त्यामुळे घाई नको. सोमवार, मंगळवार, बुधवार यांतला एक निवडा. नाताळच्या आधीचे शुक्रवार-शनिवार टाळा. मुलांच्या शाळेमुळे शनिवारच पदरी पडला, तर एकतर दिवे लागायच्या वेळी फाटकाशी हजर राहा किंवा नऊनंतर जा. मधल्या वेळेत सगळं गाव तिथेच असतं. डिसेंबरच्या मध्यात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे लवकर जाऊनही अंधार पुरेसा मिळतो. प्रवेशाचे पैसे माणशी नसतात, गाडीमागे असतात. सात जणांची मिनीव्हॅन असेल तर चंगळच. त्या वर्षीचा दर आणि वेळा निघण्याआधी पाहून घ्या.

पिट्सबर्गहून अंतर साठेक मैल, तासाभराचं. कोलंबसहून दोन तास लागतात. इंटरस्टेट ७० हा महामार्ग सोडून रूट ८८ ला लागलात की ओगलबेच्या पाट्या दिसू लागतात.

दुपारची जोड

एवढ्या लांब नुसते दिवे पाहायला कशाला, असं सासरे म्हणालेच होते. त्यावर उत्तर आहे: व्हीलिंगहून अर्ध्या-पाऊण तासावर माउंड्सव्हिलजवळ न्यू वृंदावन आहे. १९६८ मध्ये इस्कॉनच्या भक्तांनी वसवलेलं. तिथला सोन्याचा महाल मुळात इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांना राहायला म्हणून बांधायला घेतला होता. ते १९७७ मध्ये गेले आणि १९७९ मध्ये तो स्मारक म्हणून खुला झाला. दुपारी दर्शन, संध्याकाळी दिवे, असा दिवस छान जमतो. फक्त हिवाळ्यातल्या वेळा आधी विचारा. वाट डोंगरातली, वळणावळणाची आहे, तेव्हा उजेड असतानाच तिथून निघा.

कोण कुठे बसणार

हा प्रश्न घरीच सोडवा, फाटकाशी भांडण नको. पुढची सीट आजी किंवा आजोबांची: गुडघ्यांना जागा मिळते आणि सगळ्यात मोठी काच त्यांच्या वाट्याला येते. मिनीव्हॅनच्या शेवटच्या रांगेतून पुढच्यांची डोकीच दिसतात, तिथे ज्याला फोनमध्येच जास्त रस आहे त्याला बसवा. मागे तोंड करून बसवलेल्या बाळाला बाजूच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढंच. म्हणून त्याला खुर्चीतून काढून मांडीवर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. गाडी गोगलगायीच्या चालीने चालली तरी रस्ता तो रस्ताच, पट्टे सगळ्यांचे लावलेले हवेत. छताच्या खिडकीतून पोरांना उभं करणंही नाहीच.

काचा आणि दिवे: खरं काम इथे आहे

रोषणाई करणाऱ्यांनी त्यांचं काम केलेलं असतं. आपल्या गाडीत अंधार ठेवणं हे आपलं काम, आणि नेमकं तेच राहून जातं.

दुपारीच सगळ्या काचा आतून पुसा. बाहेरून धुतो आपण, पण आतल्या बाजूला मुलांच्या बोटांचे आणि कपाळांचे ठसे असतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोर दिवे आले की प्रत्येक ठशाभोवती तेजोवलय उमटतं. जुना सुती पंचा यासाठी उत्तम.

मग काचेवरची वाफ. सहा-सात माणसं, शाली-स्वेटर, थर्मासमधला चहा, बाहेर कडाक्याची थंडी: दहा मिनिटांत काचा दुधासारख्या होतात. अशा वेळी हीटरसोबत एसीचं बटणही दाबायचं. सासूबाईंना वाटलं मला वेड लागलं, थंडीत एसी! पण एसीमुळे हवेतला दमटपणा निघून जातो आणि हवा गरमच राहते. गाडीतलीच हवा फिरवणारं बटण मात्र बंद ठेवा, बाहेरची कोरडी हवा आत येऊ द्या.

आता पुढचे दिवे. अशा रोषणाईत शिरताना बऱ्याच ठिकाणी हेडलाइट बंद करून नुसते पार्किंगचे बारीक दिवे ठेवायचे असतात, नाहीतर तुमचा झोत पुढच्या गाडीच्या आरशात आणि समोरच्या देखाव्यावर पडतो. हल्लीच्या गाड्यांत हे वाटतं तितकं सोपं नाही. बटण 'ऑटो'वर असेल तर अंधार पडताच दिवे आपोआप लागतात, आणि काही गाड्यांचे दिवसाचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत विझतच नाहीत. म्हणून आदल्या रात्री गाडी गराजच्या दारासमोर उभी करा आणि कुठला खटका फिरवल्यावर दारावरचा उजेड जातो ते पाहून ठेवा. सापडलं नाही तर गाडीचं पुस्तक उघडा. रांगेत मागच्यांचे भोंगे ऐकत शोधण्यापेक्षा हे बरं. आतला मोठा पडदाही मंद करा. होत नसेल तर त्यावर ओढणी टाका, वेगाचा काटा तेवढा झाकू नका.

पोटापाण्याचं

तिखटमिठाच्या पुऱ्या, चकली, संत्र्याच्या फोडी, हे असं एका हाताने खाता येणारं. रस्सा, चटणी काही नको, अंधारात कुणाच्या मांडीवर काय सांडलं कळतही नाही. पाणी बेतानेच प्या. रांगेला लागण्याआधी लहानथोर सगळ्यांनी जाऊन यायचं, 'मला नाही लागली' म्हणणाऱ्यांनी आधी. टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या. विजेची गाडी असेल तर थंडीत हीटर बॅटरी खातो, तेही धरा.

आत शिरल्यावर

ताशी दहा मैलांनी सहा मैल म्हणजे ३६ मिनिटं, हे कागदावरचं गणित. गर्दीत तास-दीड तास सहज जातो. मध्येच थांबून मागच्यांना अडवू नका. बऱ्याच रोषणाईंना जोडून एफएमवर गाणी लावलेली असतात. फाटकाशी क्रमांक दिसला तर लावा. आम्ही अर्धा रस्ता ती ऐकतो, मग आवाज बंद करतो, कारण गाडीतली बडबड जास्त मजेची असते. हिमकणांच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा मागचे सगळे एका सुरात ओरडतात, तो क्षण गाण्याखाली हरवायला नको. त्याच बोगद्यात सासूबाई शाल सावरत पुटपुटल्या, "एवढं वीजबिल भरतं कोण?" आता एलईडी दिव्यांमुळे वीज कमी लागते, आणि आपण फाटकावर दिलेले पैसे आहेतच, असं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

फोटोंच्या मागे फार लागू नका. चालत्या गाडीतून फोनचा रात्रीचा फोटो हलतोच. फ्लॅश बंद करून, भिंग काचेला टेकवून छोटा व्हिडिओ घ्या आणि हवं ते चित्र नंतर त्यातून काढा. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. चालवणाऱ्याला तसंही निम्मंच दिसतं. आमच्याकडे दरवर्षी पाळी बदलते.

बाहेर पडताना

फाटकाबाहेर पहिली गोष्ट म्हणजे हेडलाइट पुन्हा लावणं. तासभर अंधाराला डोळे सरावलेले असतात, समोर गावाचे दिवे दिसतात, आणि आपले बंद आहेत हे लक्षातही येत नाही. हे काम आम्ही मोठीला दिलंय. फाटक ओलांडलं की मागून आवाज येतो, "बाबा, दिवे!" आणि तिने म्हणेपर्यंत गाडी रूट ८८ वर घ्यायची नाही, असा नियम आहे.